नव्या फोनला बोटाचा जोर का कळत नाही?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो. तुम्ही बरीच वर्षं आयफोन ८ वापरलात. त्यात ॲपच्या चिन्हावर बोट जरा जोरात दाबलं की छोटा मेन्यू उघडायचा, कीबोर्डवर दाबलं की कर्सर हवा तिथे नेता यायचा आणि चित्र काढताना बोटाच्या दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक व्हायची. आता अँड्रॉइड फोन घेतलाय. त्यात कितीही जोर लावला तरी मेन्यू कधी येतो, कधी येत नाही, आणि कधी चिन्हच उचललं जाऊन भलतीकडे सरकतं. चित्रकलेच्या ॲपमध्ये ‘प्रेशर’ नावाचा पर्याय आहे, पण तो चालू करूनही बोटाची रेघ एकसारखीच येते. म्हणून तुम्ही विचारताय की दाबाचं सेटिंग कुठे असतं, फोन सदोष तर नाही ना, इतकं दाबून स्क्रीन खराब होईल का, आणि जुना फोन चित्रांसाठी ठेवून द्यावा का.

फोन सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. ते सेटिंग तुम्हाला सापडत नाही, कारण बहुतेक तुमच्या फोनमध्ये ते नाहीच. खरी अडचण अशी की जुन्या फोनने तुमच्या बोटाला ‘जोर’ शिकवला आणि नवा फोन ‘वेळ’ मोजतो. वरून दोन्ही सारखंच दिसतं, चिन्हावर बोट टेकवलं की मेन्यू आला. आतून मात्र त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकलेच्या आणि टिपणांच्या ॲप्समध्ये स्पर्शाचा भाग लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या गोंधळावरच्या तक्रारी मी इतक्या वाचल्या आहेत की तुमचा प्रश्न अर्धा वाचूनच पुढचा अर्धा ओळखू आला.

फोनची साधी टचस्क्रीन दाब मोजतच नाही. काचेखाली अतिशय पातळ, पारदर्शक वाहकांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागची विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि तो बदल पकडून बोट कुठे आहे हे ठरवलं जातं. म्हणूनच नखाने कितीही रेटलं तरी काही होत नाही आणि बोटाचं पेर नुसतं टेकलं तरी पुरतं. जोर लावल्यावर एकच गोष्ट बदलते. बोटाचा मऊ भाग चपटा होतो आणि काचेला टेकलेलं क्षेत्रफळ वाढतं. ते फोनला दिसतं. पण ते जोरामुळे वाढलं, की तुम्ही बोट आडवं टेकवलं म्हणून वाढलं, की तुमचं बोटच जाड आहे म्हणून मोठं आहे, हे त्याला सांगता येत नाही.

ॲपलने २०१५ मध्ये आयफोन ६एस आणला तेव्हा या जाळीच्या जोडीला आणखी एक थर दिला आणि त्याला थ्रीडी टच असं नाव दिलं. ६एसमध्ये पडद्यामागच्या बॅकलाइटच्या थरात सेन्सर होते. काच दाबली गेली की काच आणि बॅकलाइट यांच्यामधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी बदलतं, आणि ते सेन्सर हा बदल मोजायचे. हा खरा दाब होता. पुढे ७, ८, एक्स आणि एक्सएसपर्यंत तो राहिला. २०१८ च्या एक्सआरमध्ये तो नव्हता. तिथे ‘हॅप्टिक टच’ आला, म्हणजे बोट थोडा वेळ धरून ठेवा आणि बोटाखाली एक हलकी टिचकी जाणवली की समजा काम झालं. २०१९ च्या आयफोन ११ पासून तर सगळ्याच नव्या मॉडेलमधून दाबाचा थर गेला. थोडक्यात, तुम्ही अँड्रॉइडऐवजी नवा आयफोन घेतला असतात तरी हीच तक्रार केली असती.

अँड्रॉइडच्या बाजूनेही प्रयत्न झाले. हुआवेने २०१५ मध्येच मेट एस फोनच्या वरच्या आवृत्तीत दाब ओळखणारा पडदा दाखवला आणि बर्लिनच्या प्रदर्शनात मंचावर त्याच्यावर संत्रं ठेवून त्याचं वजन करून दाखवलं. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस८ मध्ये २०१७ साली फक्त खालच्या होम बटणाच्या जागेपुरता दाब ओळखला जायचा. गुगलने पिक्सेल ४ मध्ये वेगळीच वाट काढली. जादा सेन्सर न घालता, स्पर्शाचा ठसा कसा पसरतो हे मशीन लर्निंगने ओळखून जोराचा अंदाज घ्यायचा आणि मेन्यू जरा लवकर उघडायचा. कल्पना मला आवडली होती, कारण जोर लावणाऱ्याला थोडं आधी मिळतं आणि न लावणाऱ्याचं काही अडत नाही.

आता तुमच्या ‘कधी येतो, कधी येत नाही’ या भागाकडे वळू, कारण खरी गंमत इथे आहे. तुम्ही जितका जास्त जोर लावाल तितका मेन्यू न येण्याचा धोका वाढतो.

वेळ मोजणारा फोन दोन गोष्टी बघतो. बोट ठरावीक काळ टेकलेलं आहे का, आणि त्या काळात ते जागेवरून हललं तर नाही ना. आयफोनवर ॲप लिहिणाऱ्याला धरून ठेवण्याचा जो तयार इशारा मिळतो, त्यात मूळ वेळ अर्ध्या सेकंदाची आहे आणि १० पॉइंटपेक्षा जास्त हालचाल झाली तर तो इशारा रद्द होतो. अँड्रॉइडवर मूळ सूट साधारण ८ डीपीची आहे. पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरचं अंतर मोजायची एककं आहेत, आणि ही मापं अगदी छोटी असतात, मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या घरातली. आता फोन एका हातात धरून अंगठ्याने जोरात दाबून बघा. अंगठा सरळ खाली जात नाही, तो लोळतो. टोकावर टेकलेला असतो तो पेरावर येतो, ठसा एका बाजूला पसरतो आणि त्या ठशाचा मध्यबिंदू सरकतो. तुम्हाला वाटतं बोट जागच्या जागी आहे. फोनला मात्र दिसतं की बोट सरकलं, म्हणजे याला पान सरकवायचंय. धरून ठेवण्याचा इशारा तिथेच रद्द.

आणि सरकणं जर मेन्यू उघडल्यानंतर झालं, तर फोन समजतो की चिन्ह उचलून दुसरीकडे न्यायचंय. तुमचं चिन्ह भलतीकडे जातं ते यामुळे. एका चाचणीत मी पडद्यावर स्पर्शाचा मध्यबिंदू लाल ठिपक्याने दाखवला होता. जोर लावणाऱ्या माणसांचा ठिपका खाली आणि आतल्या बाजूला घसरताना स्पष्ट दिसायचा. “मी अजिबात हललो नाही” असं म्हणणाऱ्यांना तो दाखवावा लागायचा. ठिपका बघितल्यावर मग कुणी वाद घालत नसे.

तेव्हा जोर सोडून द्या. बोट अलगद टेकवा आणि स्थिर ठेवा, कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बोट ठेवतो तितपतच. टिचकी जाणवली किंवा मेन्यू दिसला की उचला. पहिले दोन-चार दिवस हात जुन्या सवयीने जोर लावेलच. अशा वेळी मी लोकांना फोन टेबलावर ठेवून तर्जनीने सराव करायला सांगतो. अंगठ्याचं लोळणं त्यामुळे टळतं आणि वेळेचा अंदाज लवकर बसतो.

वेळ तुम्हाला कमी-जास्त करता येते, आणि तुम्ही शोधत होता त्याच्या सर्वांत जवळचं सेटिंग हेच. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’ असा पर्याय असतो. कंपनीप्रमाणे त्याची जागा थोडी इकडे-तिकडे असते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाकणं सोपं. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीतल्या ‘टच’मध्ये ‘हॅप्टिक टच’ आहे आणि नव्या आवृत्त्यांत तिथे जलद, मूळ आणि सावकाश असे पर्याय मिळतात. तुमच्यासारख्या दाबाच्या सवयीच्या माणसाने वेळ सर्वांत कमी ठेवावी. मेन्यू पटकन येतो आणि बोट लोळायच्या आत काम होतं. ज्यांचा हात थरथरतो त्यांचं मात्र उलटं असू शकतं. कमी वेळ ठेवली तर नुसत्या टॅपलाही मेन्यू उघडत राहतो. त्यांनी स्वतः बदलून बघावं, माझ्या शब्दावर जाऊ नये.

कर्सरचं उत्तर सोपं आहे. गुगलच्या कीबोर्डवर स्पेसबारवर बोट आडवं फिरवलं की कर्सर डावी-उजवीकडे जातो. आयफोनवर स्पेसबार धरून ठेवला की पूर्ण कीबोर्ड ट्रॅकपॅडसारखा होतो. जुन्या फोनवर कीबोर्डवर कुठेही दाबलं तरी चालायचं आणि आणखी जोर दिला की मजकूर निवडला जायचा. ती सोय खरंच सुंदर होती, तिची उणीव मलाही भासते. आता एका बोटाने स्पेसबार धरून दुसऱ्या बोटाने टॅप केलं की आयफोनवर निवड सुरू होते. जमतं, पण तेवढी मजा नाही.

आता चित्रांकडे येतो. इथे तुमच्या फोनवर बरंच अवलंबून आहे आणि मला मॉडेल माहीत नाही. म्हणून ते स्वतः तपासायची पद्धत देतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फोनची माहिती जिथे असते तिथे ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टॅप करा, म्हणजे डेव्हलपर पर्याय खुले होतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी येईल आणि बोट फिरवताना त्यात आकडे बदलताना दिसतील. शेवटच्या दोन रकान्यांकडे बघा, एक दाबाचा आणि एक आकाराचा. बोट हलकं टेकवा, मग जोरात. दाबाचा आकडा १.० वरून हलतच नसेल तर विषय संपला, तुमचा पडदा ॲपला दाबाबद्दल काहीच कळवत नाही. आकडा हलत असेल तर लगेच खूश होऊ नका. आता जोर न लावता बोट फक्त आडवं करा. त्यानेही आकडा तितकाच वाढला, तर तो दाब नव्हे, क्षेत्रफळाला दिलेलं दाबाचं नाव आहे. झालं की ते पर्याय बंद करायला विसरू नका, नाहीतर पडद्यावर रेघा येत राहतील आणि तुम्ही पुन्हा फोन सदोष आहे का म्हणून विचाराल.

अँड्रॉइडमध्ये ॲपला दाब विचारण्याची सोय अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे. प्रश्न तिथे नाही, उत्तर काय येतं तिथे आहे. ॲप विचारतं, फोनकडे खरा आकडा नसेल तर तो एखादा ठरावीक आकडा देतो, किंवा क्षेत्रफळावरून काहीतरी बनवून देतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चित्रकलेच्या साधनांतही असाच नियम आहे. दाब मोजता न येणाऱ्या साधनासाठी, स्पर्श चालू असताना, ०.५ कळवायचं. म्हणून तुमच्या ॲपमध्ये ‘प्रेशर’चा पर्याय दिसतो, चालूही होतो, आणि तरी रेघ बदलत नाही. तो पर्याय खोटा नाही. तो दाब कळवणाऱ्या पेनसाठी ठेवलेला आहे.

काही ॲप्समध्ये बोटानेही रेघ जाड-बारीक होते. ती बहुतेक वेळा वेगावर चालते. हात जलद फिरला की रेघ बारीक, सावकाश फिरला की जाड. सह्या आणि सुलेखनाला हे छान दिसतं, म्हणून मीही ते वापरलंय. पण छायांकनाला, म्हणजे फिकट-गडद छटा भरायला, त्याचा उपयोग नाही. हळू पण फिकट रेघ तुम्हाला मागताच येत नाही, कारण हळू म्हणजे जाड असं आधीच ठरलेलं असतं. तुमच्या ॲपमध्ये ब्रशच्या सेटिंगमध्ये वेगाचा पर्याय असेल तर बघा. टिपणांना पुरेल, चित्रांना कदाचित नाही.

खरा दाब हवा असेल तर आज त्याची जागा पेनात आहे, आणि इथे माणसं फसतात. रबरी टोकाचा साधा स्टायलस म्हणजे फक्त बोटाची नक्कल, त्यात दाब नसतो. सॅमसंगच्या एस पेनमध्ये आणि चित्रकलेच्या डिजिटल पाट्या बनवणाऱ्या वेकॉमच्या पेनांमध्ये विद्युतचुंबकीय अनुनादाचं तंत्र आहे. पडद्याखाली किंवा पाटीखाली स्वतंत्र थर असतो, तोच पेनाला ऊर्जा देतो आणि टोकावरचा दाब वाचतो, त्यासाठी पेनात बॅटरी लागत नाही. त्यामुळे एस पेन तो थर असलेल्या फोनवरच चालतो, उदाहरणार्थ जुनी गॅलॅक्सी नोट मालिका किंवा २०२२ पासूनचे एस अल्ट्रा. तुमच्या फोनमध्ये तो थर नसेल तर कितीही चांगला पेन घ्या, उपयोग शून्य. ॲपलकडेही सावध राहा. २०१५ चं पहिलं ॲपल पेन्सिल दाब ओळखत होतं, पण २०२३ मध्ये आलेलं यूएसबी-सी असलेलं पेन्सिल दाब ओळखत नाही. दिसायला भावंडं, नावही तेच. खोक्यावर तिरकेपणाचा उल्लेख वाचून माणसं दाबही असेल असं गृहीत धरतात. तिरकेपणा आणि दाब या वेगळ्या गोष्टी आहेत. घेण्यापूर्वी दाबाचा शब्द स्वतंत्रपणे शोधा.

पेन दाबाच्या किती पायऱ्या ओळखतो, या आकड्यांना मात्र फार भुलू नका. ४०९६ आणि ८१९२ यांतला फरक हाताला सांगता येत नाही. २००४ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी पेनाच्या दाबावर चालणारी नियंत्रणं तपासली होती. समोर पडद्यावर खूण दिसत असतानाही माणसं साधारण ६ पायऱ्याच नीट वेगळ्या ठेवू शकली. रेघ सलग वाहती दिसायला बारीक पायऱ्या लागतात हे खरं, पण ती गरज केव्हाच भागली आहे. त्यापेक्षा पेन किती हलक्या स्पर्शाला उमटतो हे बघा. फिकट छटा तिथूनच येतात आणि स्वस्त पेन नेमका तिथेच कमी पडतो.

आणि एक गोष्ट मी चुकून शिकलो. माझ्या पहिल्या ॲपमध्ये दाब दुप्पट तर जाडी दुप्पट, असं सरळ गणित होतं. कागदावर बरोबर, हाताला चूक. लोक म्हणायला लागले की तासाभरात हात दुखतो. नोंदी बघितल्या तर बहुतेक जण दाबाच्या खालच्या हिश्शातच वावरत होते आणि जाड रेघेसाठी त्यांना पेन अक्षरशः रेटावा लागत होता. मग सरळ रेषेऐवजी वक्र घातला, म्हणजे सुरुवातीच्या हलक्या दाबालाच जास्त वाव दिला. तक्रारी थांबल्या. आज बहुतेक चांगल्या ॲप्समध्ये हा दाबाचा वक्र वापरणाऱ्याला बदलता येतो. पेन घेतलात तर पहिलं काम ते करा. हात हलका असेल तर वक्र वर उचला, जड असेल तर खाली ओढा. दुसऱ्याचा वक्र उसना घेऊ नका, तो चष्म्याच्या नंबरासारखा असतो.

दाब इतका चांगला होता तर गेला का, असंही तुमच्या मनात असेल. ॲपलच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण ॲप लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून मला काय दिसलं ते सांगतो. दाबाची जागा डोळ्यांना दिसत नाही. बटण दिसतं, ‘इथे जोर लावा’ असं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. मी एकदा ‘मागे घ्या’ हा आदेश जोरात दाबण्यावर ठेवला आणि स्वतःवर खूश झालो. चाचणीला आलेल्यांपैकी कुणीही तो स्वतःहून शोधून काढला नाही. एकाला चुकून सापडला, आणि त्याला वाटलं त्याची रेघ ॲपने खाल्ली. दुसरी अडचण अशी की आयपॅडला थ्रीडी टच कधी मिळालाच नाही, २०१६ च्या आयफोन एसईलाही नव्हता. म्हणजे कुठलंही महत्त्वाचं काम फक्त दाबावर ठेवता येत नव्हतं, दुसरा रस्ता द्यावाच लागायचा. मग तो दुसरा रस्ताच सगळ्यांना द्यायला काय हरकत आहे, असा विचार होणारच. घड्याळांच्या बाबतीत तर ॲपलने २०२० च्या वॉचओएस ७ मध्ये दाबाचे मेन्यू काढून टाकले. ज्यांच्या हातातल्या घड्याळात दाबाचा सेन्सर होता त्यांच्याही घड्याळातून ते गेले.

तरी दाब पूर्ण नाहीसा झालेला नाही. २०१५ पासूनच्या बहुतेक मॅकबुकच्या ट्रॅकपॅडमध्ये तो आहे. चार कोपऱ्यांना ताण मोजणारे सेन्सर असतात आणि तुम्हाला जाणवणारी ‘खट’ ही खरी खट नसून आतल्या चुंबकीय कंपकाने दिलेला धक्का असतो. संगणक बंद करून दाबून बघा, ट्रॅकपॅड दगडासारखा गप्प राहतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पाच मिनिटं चालू-बंद करत बसलो होतो. एअरपॉड्स प्रोच्या दांडीला चिमटीत धरतो तेही दाबावरच चालतं. २०२४ च्या आयफोन १६ मधलं कॅमेऱ्याचं बटण हलका दाब आणि पूर्ण दाब वेगळे ओळखतं. तिथे दाब टिकला, कारण जागा एकच आहे आणि ती बोटाला चाचपडून सापडते.

स्क्रीनच्या काळजीबद्दल सांगतो. धड असलेल्या फोनची काच बोटाच्या जोराने फुटत नाही. पण काच आधीच तडकलेली असेल, किंवा आतली बॅटरी फुगून पडदा वर आलेला असेल, तर त्यावर अजिबात जोर लावू नका. फुगलेली बॅटरी असलेला फोन तर वापरणंच थांबवा. एलसीडी पडद्यावर जोर दिला की बोटाभोवती रंगांचे डाग पसरतात, ते बोट उचलल्यावर जायला हवेत. गेले नाहीत तर थर दबला आहे. घडीच्या फोनची आतली स्क्रीन अगदी वेगळी, मऊ असते. तिथे नख किंवा टोकदार वस्तू रेटणं महागात पडतं. सॅमसंगने २०२१ मध्ये झेड फोल्ड ३ साठी वेगळा एस पेन काढला, त्याचं टोक जास्त दाबलं की आत जातं. पेन बनवणाऱ्याला अशी तजवीज करावी लागली यावरून काय ते समजा.

राहिला तुमचा आयफोन ८. बोटाने छायांकन करायला आवडत असेल तर तो जरूर ठेवा, आजच्या फोनमध्ये तसं काही मिळणार नाही. मात्र तो आयओएस १६ च्या पुढे जात नाही, तेव्हा चित्रकलेचं ॲप त्यावर जसं चालतंय तसं राहू द्या, काढून पुन्हा टाकायला जाऊ नका. नवी आवृत्ती कदाचित मिळणार नाही, आणि मिळाली तरी तिच्यात बोटाच्या दाबाची सोय ठेवलेली असेलच असं नाही. ॲक्सेसिबिलिटीतल्या ‘टच’मध्ये ‘थ्रीडी अँड हॅप्टिक टच’ उघडा. तिथे हलका, मध्यम आणि घट्ट असे तीन पर्याय आहेत. मेन्यूसाठी फार जोर लागतो असं वाटत असेल तर हलका ठेवा. आणि त्याची स्क्रीन कधी बदलायची वेळ आली तर आधीच विचारा की नव्या पडद्यात दाबाचा थर आहे का. नकली पडद्यांमध्ये तो थर नसतो किंवा अर्धामुर्धा चालतो. बाकी सगळं नीट दिसतं, स्पर्शही चालतो, म्हणून फोन परत घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. दुरुस्तीनंतर तिथेच उभं राहून एक रेघ ओढून बघा, हलकी सुरू करून दाबत न्या.